ह्यांच्या तपासणीचा दिवस

ह्यांना झटका आला तो सकाळी, दाढी करताना. बाथरूममधून पाण्याचा मग पडल्याचा आवाज आला आणि मी स्वयंपाकघरातूनच ओरडले, "अहो, काय पाडलंत?" उत्तर आलं नाही. तव्यावर पोळी होती. मी ती उतरवली, गॅस बंद केला, हात पुसले आणि मग गेले. पुढे डॉक्टरांनी समजावलं की त्या दोन मिनिटांनी काही फरक पडला नसता. मी मान हलवली. पण कितीतरी वर्षं पोळी लाटताना मला ती दोन मिनिटं आठवायची.

हे तेव्हा पन्नास वर्षांचे. एका केंद्रीय मंत्रालयात सेक्शन ऑफिसर होते. तरुणपणी परीक्षा देऊन पुण्याहून दिल्लीला आले ते इथलेच झाले. लक्ष्मीबाई नगरला आम्हाला सरकारी क्वार्टर होतं, पहिल्या मजल्यावर. मुलगी नववीत होती. मी एका खासगी शाळेत लहान मुलांना शिकवायचे.

ह्यांचं अक्षर फार सुंदर. इंग्रजी असो, हिंदी असो, फायलीवर लिहिलेली ह्यांची टिपणं वरचे साहेब लोक नव्या पोरांना दाखवायचे म्हणे, 'नोटिंग ऐसे लिखते हैं.' ऑफिसात कॉम्प्युटर आले तरी हे आधी हातानं लिहायचे आणि मग टाइपला द्यायचे. आणि प्रामाणिकपणा तर इतका, की मुलीला शाळेसाठी पेन्सिल हवी असली तर रात्री पावसात दुकानात जातील, पण ऑफिसची पेन्सिल घरी आणणार नाहीत. मला त्याचा कधीकधी राग यायचा.

झटक्यानं उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. समजत सगळं होतं. पण बोलायला जावं तर शब्द सापडायचा नाही, आणि सापडला तर भलताच. हॉस्पिटलमधून घरी आणलं तेव्हा ह्यांच्याकडे मोजके शब्द उरले होते. 'हो', 'नको', 'चहा', 'मॅडम' आणि 'पुट अप'. फाईल साहेबांपुढे ठेवायची, त्याला ऑफिसात 'पुट अप' म्हणतात. पाणी हवं असलं, कूस बदलायची असली, पंखा मोठा करायचा असला, की हे माझ्याकडे बघून म्हणायचे, "पुट अप." पहिल्यांदा मुलगी हसली. हेही हसले. मग दोघांनाही रडू आलं आणि मी उगीच कपडे वाळत घालायला गॅलरीत गेले.

माझ्या शाळेनं दीड महिना रजा दिली. त्यानंतर मुख्याध्यापिका फोनवर म्हणाल्या, "सोच लीजिए, बच्चों का नुकसान हो रहा है." विचार करण्यासारखं काही नव्हतं. दिवसभरासाठी माणूस ठेवायचा तर माझा पगार त्यालाच द्यावा लागला असता, आणि बाहेरच्या माणसाकडून अंघोळ घालून घ्यायला हे तयार नव्हते. मी राजीनामा लिहून मुलीच्या हाती पाठवून दिला. बारा वर्षांच्या नोकरीतून निघताना मी शाळेत गेलेसुद्धा नाही.

ह्यांच्या रजा चालू होत्या. आधी हक्काची रजा संपली, मग अर्ध्या पगाराची. मुनिरक्याहून एक फिजिओथेरपिस्ट मुलगी येऊन व्यायाम घ्यायची. पाय जरा हलायला लागला, हात नाही. एका रविवारी ह्यांचे वरचे साहेब फळं घेऊन आले. भले गृहस्थ. जाताना जिन्यात मला म्हणाले, "भाभीजी, छुट्टी कब तक चलेगी? व्हॉलंटरी रिटायरमेंट ले लीजिए. इज़्ज़त से निकल जाएँगे." दुसऱ्या दिवशी त्यांनी अर्जाचा मसुदाही पाठवून दिला.

मला त्यातलं काय कळत होतं? स्वेच्छानिवृत्ती घेतली की पेन्शन सुरू होईल, रजेची कटकट संपेल, एवढंच समजलं. मी अर्ज ह्यांच्यापुढे धरला. ह्यांनी तो वाचला. वाचता येत होतं, निदान थोडंफार. बराच वेळ कागदाकडे बघत राहिले. उजव्या हातानं सही होणार नव्हती. साहेबांनी सांगितलं होतं की अंगठा चालेल. मी स्टॅम्पपॅड आणलं, ह्यांचा डावा अंगठा शाईत टेकवला आणि कागदावर दाबला.

अंगठा पुसायला मी फडकं आणेपर्यंत ह्यांनी तो लेंग्यावर घासायला सुरुवात केली होती. फडक्यानं पुसला, साबणानं धुतला, तरी हे घासतच राहिले. शाई केव्हाच गेली होती. "अहो, निघाली," मी म्हटलं. ह्यांनी अंगठा माझ्यापुढे धरला आणि म्हणाले, "नको." मला वाटलं, अंगठा पुन्हा धुवायला नको म्हणताहेत.

अर्ज गेल्यावर महिन्याभरानं मी काही कागद द्यायला ह्यांच्या ऑफिसात गेले. ॲडमिन सेक्शनमध्ये केरळच्या एक बाई होत्या, ह्यांच्याच वयाच्या. त्यांनी मला खुर्ची दिली, दार लोटलं आणि खालच्या आवाजात विचारलं, "मॅडम, ये ॲप्लिकेशन किसने बोला देने को?"

मी सांगितलं.

"आप वापस लो. नोटिस का तीन महीना पूरा होने से पहले वापस लो." मग त्यांनी टेबलावर बोट ठेवून मला समजावलं. नोकरीत असताना अपंगत्व आलेल्या माणसाला सरकार काढू शकत नाही. दुसरं काम देतील, काम झेपत नसेल तर जास्तीचं पद तयार करून त्यावर ठेवतील, पण पगार आणि हुद्दा निवृत्तीपर्यंत तोच राहील. कायदाच आहे तसा. "रिटायरमेंट ले लिया तो पेन्शन कम, क्वार्टर भी जाएगा. बेटी कितना बड़ा है?"

"नववीत," मी मराठीतच बोलून गेले.

त्यांना कळलं. म्हणाल्या, "तो फिर?"

त्या बाईंचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही. त्यांनी स्वतः अर्ज मागे घेण्याचं पत्र टाइप करून दिलं. त्यावरही अंगठा हवा होता. घरी येऊन मी ह्यांचा हात धरला, तर ह्यांनी मूठ घट्ट मिटून घेतली. मी समजावू लागले, की हा अर्ज वेगळा आहे, हा चांगला आहे. हे भिंतीकडे बघत राहिले. शेवटी मुलीनं शेजारी बसून एकेक बोट उघडलं. "बाबा, द्या ना. मी धरते." तिला ह्यांनी नाही म्हटलं नाही.

अर्ज परत घेतला गेला. आता एक पायरी राहिली होती, मेडिकल बोर्ड. सरकारी हॉस्पिटलात तीन डॉक्टर बसणार, ह्यांना बघणार आणि हे काम करू शकत नाहीत असं लिहून देणार. मग पुढचा हुकूम निघणार. केरळच्या बाईंनी मला बजावलं होतं, "बोर्ड में साफ़ बोलना. जो नहीं होता, वो सब बोलना. शर्म मत करना." हलकं काम जमेल असं बोर्डानं लिहिलं, तर ह्यांना रोज ऑफिसला हजर व्हावं लागलं असतं. जिना उतरायलाच आम्हाला पंधरा मिनिटं लागायची. रोज जाणं झालं नसतं, रजा शिल्लक नव्हती, आणि गैरहजेरी बिनपगारी झाली असती. फिरून तेच.

आदल्या संध्याकाळी मुलीनं मला स्वयंपाकघरात गाठलं. "आई, बाबांना सांगितलंस ना, उद्या कशासाठी जायचंय ते?"

"तपासणी आहे म्हणून सांगितलंय."

"पण कसली तपासणी?"

"तू अभ्यास कर," मी म्हटलं.

काय सांगणार होते मी? तुम्ही निकामी आहात असं लिहून घ्यायला जातोय, हे कसं सांगायचं? मला वाटलं, हे बोलणं टाळणं म्हणजेच माया. ह्यांना काय चाललंय ते निम्मंच कळतं, अशी मी स्वतःची समजूतही घातली होती.

सकाळी ह्यांनी स्वतः कपाटाकडे बोट दाखवलं. ऑफिसचा पांढरा शर्ट, राखाडी पँट. मी बटणं लावली. मग खिशावर टिचकी मारून म्हणाले, "पुट अप." पेन हवं होतं. मी खिशाला पेन लावलं. जुनी सवय, असं मला वाटलं. त्या दिवशी ह्यांचा चेहरा किती दिवसांनी उजळलेला होता, ते मला दिसलं होतं. त्याचा अर्थ लावायला मी थांबले नाही. खाली टॅक्सी उभी होती.

बोर्डाच्या खोलीबाहेर दीड-दोन तास बसलो. नंबर आल्यावर मी चाकाची खुर्ची आत नेली. लांब टेबलामागे दोन पुरुष डॉक्टर आणि मध्ये एक वयस्कर बाई. ह्यांनी चाकाच्या खुर्चीतून उठून समोरच्या साध्या खुर्चीत बसायचा हट्ट धरला. मी आधार दिला. बसले, ताठ.

"कैसे हैं आप?" बाईंनी विचारलं.

"हो."

"काम कर पाएँगे?"

"हो," हे म्हणाले. मग मला काही कळायच्या आत ह्यांनी डाव्या हातानं खिशातलं पेन काढलं, टोपण दातांनी उघडलं, टेबलावरचा एक कोरा कागद ओढला आणि लिहायला लागले. उजवा हात मांडीवर तसाच पडलेला, कागद सरकत होता. एका डॉक्टरांनी पुढे वाकून कागदाचा कोपरा धरला. ह्यांनी इंग्रजीत आपलं नाव लिहिलं. आडनावासकट. त्याच्याखाली लिहिलं, सेक्शन ऑफिसर. अक्षरं वाकडी होती, पण एकही चुकलं नव्हतं.

मी ते पहिल्यांदा बघत होते. हे डाव्या हातानं लिहितात हे मला ठाऊक नव्हतं. मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या आणि त्याच क्षणी केरळच्या बाईंनी बजावलेलं आठवलं.

"व्हेरी गुड!" डॉक्टर म्हणाले. "ये तो बहुत बढ़िया है." बाईंनी फाईल पुढे ओढली आणि शेजारच्यांना इंग्रजीत म्हणाल्या, की हलकं काम द्यायला हरकत नसावी. हे माझ्याकडे वळून हसले. शाळेतून पहिला नंबर घेऊन आलेलं पोर हसतं तसे.

आणि मी बोलले. "मॅडम, इनसे तारीख़ पूछिए."

बाईंनी विचारलं, "आज क्या तारीख़ है?"

ह्यांनी तोंड उघडलं. शोधलं. "पुट अप," म्हणाले.

"ये कौन हैं आपकी?" त्यांनी माझ्याकडे बोट केलं.

ह्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "मॅडम," म्हणाले.

दोघे डॉक्टर हसले. त्यांना वाटलं, नवरा गंमत करतोय. मी म्हटलं, "मज़ाक़ नहीं कर रहे हैं, सर. इनको मेरा नाम नहीं आता. बेटी का भी नहीं आता. पैसे नहीं गिन सकते. घड़ी नहीं देख सकते. मैं नहलाती हूँ, टॉयलेट मैं ले जाती हूँ. कभी-कभी कपड़ों में हो जाता है." एकदा सुरू झाल्यावर मी थांबलेच नाही. जे जे होत नाही ते सगळं बोलले, केरळच्या बाईंनी सांगितलं होतं तसं.

हे ऐकत होते. एकेक शब्द कळत होता ह्यांना. मी बोलत असताना हे पेनाला टोपण लावायचा प्रयत्न करत होते, एका हातानं. लागत नव्हतं. कुणी मदत केली नाही, मीही नाही. शेवटी ह्यांनी पेन तसंच उघडं खिशात ठेवलं. घरी पोचेपर्यंत पांढऱ्या शर्टावर छातीपाशी मोठा निळा डाग पसरला होता. टॅक्सीत मी दोनदा हाक मारली. ह्यांनी खिडकीकडे वळवलेली मान फिरवली नाही.

तीन दिवस हे माझ्या हातून जेवले नाहीत. मुलगी शाळेतून येईपर्यंत उपाशी राहायचे आणि तिच्या हातून चार घास खायचे. तिसऱ्या दिवशी गादी उन्हात टाकायला उचलली, तर खाली मुलीची एक जुनी गणिताची वही सापडली. तिच्या कोऱ्या राहिलेल्या पानांवर ह्यांनी लिहिलं होतं. सुरुवातीला नुसत्या रेघोट्या, मग एखादं अक्षर, मग पानंच्या पानं स्वतःचं नाव. मी दूध आणायला जायचे, रेशनला जायचे, तेव्हा हे लिहीत बसत असणार. ऑफिसला परत जायची परीक्षा समजून हे त्या बोर्डाची तयारी करत होते. अंगठा लावला त्या दिवसापासूनच सुरुवात केली असावी, असं मला वाटतं.

आणि एका पानावर मराठीत माझं नाव होतं. सहा-सात वेळा लिहिलेलं. वेलांटी चुकीच्या बाजूला, एक अक्षर आरशात दिसावं तसं उलटं, पण नाव माझंच. कदाचित पत्रिकांच्या पेटीतली आमची जुनी लग्नपत्रिका बघून उतरवलं असेल. कदाचित नसेलही. तीन परक्या माणसांसमोर मी सांगून आले होते, ह्यांना माझं नाव येत नाही.

मी वही होती तिथे ठेवली. विचारलं नाही. पुढे हे त्या वहीत काही लिहीत नाहीत हे माझ्या लक्षात आलं, तेव्हाही विचारलं नाही.

महिन्या-दोन महिन्यांनी हुकूम निघाला. केरळच्या बाई स्वतः घरी आल्या, मिठाईचा डबा घेऊन. ह्यांच्यासमोर बसून त्यांनी हुकूम मोठ्यानं वाचला आणि सोप्या हिंदीत समजावला. "सर, अब ऑफिस आने का ज़रूरत नहीं. घर में आराम करो. सैलरी पूरा मिलेगा, साठ साल तक."

ह्यांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. कपाळावर आठ्या आल्या. आणि झटक्यानंतर कधीही न उच्चारलेला एक शब्द ह्यांच्या तोंडून स्पष्ट बाहेर पडला. "फुकट?"

बाईंना मराठी येत नव्हतं. त्यांनी हसून मला विचारलं, "सर क्या बोले?"

"थँक्यू बोल रहे हैं," मी म्हटलं.

त्या पगारावर आमची मुलगी शिकली. डोक्यावर छप्पर राहिलं. व्यायाम, औषधं, सगळं झालं. माझं काही चुकलं नाही, असं मुलगी आजही म्हणते. हिशेबानं नाहीच चुकलं. पण नंतरची दहा वर्षं हे सकाळी नऊ वाजता शर्ट घालून गॅलरीत बसायचे. कॉलनीतले लोक डबे घेऊन बसकडे जायचे, कुणी खालून हात करायचे. सगळे गेले की हे आत यायचे आणि शर्ट काढायला डावा हात माझ्यापुढे करायचे.

त्या काळात मी खूप खिडक्यांवर उभी राहिले. अपंगत्वाचा दाखला, त्याच्यावर टक्के, त्याचं नूतनीकरण, रेल्वेची सवलत, आयकराचा फॉर्म. एकदा समाजकल्याणच्या एका खिडकीवर मी धीर करून विचारलं, की जी व्यक्ती घरी राहून सांभाळते, नोकरी सोडून, तिच्यासाठी काही असतं का? खिडकीतला माणूस वाईट नव्हता. त्याला खरंच प्रश्न कळला नाही. "कौन सँभालता है?" त्यानं विचारलं.

"मैं."

"आप तो वाइफ हैं," तो म्हणाला. "वाइफ का क्या भत्ता?" आणि मागच्या माणसाचा कागद घ्यायला त्यानं हात पुढे केला.

हे साठ वर्षांचे झाले, निवृत्त झाले. क्वार्टर सोडून आम्ही गाझियाबादला तळमजल्यावर छोटा फ्लॅट घेतला. तिथे दोन वर्षं ह्यांना ऊन मिळालं, समोरच्या बागेत चाकाची खुर्ची नेता यायची. असंच एकदा थंडीत, दुपारी, संत्री सोलता सोलता मी बोलून टाकलं. म्हटलं, "अहो, त्या बोर्डाच्या दिवशी मी तुम्हाला आधी सांगायला हवं होतं. कशाला चाललोय ते. मी फसवून नेलं तुम्हाला." ह्यांनी फोड तोंडात धरली होती. ती खाल्ली, बी हातात काढून मला दिली. "हो," म्हणाले. हे सगळ्यालाच 'हो' म्हणायचे. तो कुठला 'हो' होता, मला अजून कळलेलं नाही.

पुढच्या वर्षी दुसरा झटका आला आणि चार दिवसांत हे गेले. कुटुंब निवृत्तिवेतनाचे कागद मी आठवड्याभरात पूर्ण केले. बँकेतला ऑफिसर म्हणाला, इतके व्यवस्थित कागद कुणाचे नसतात. ह्यांनी ऐकलं असतं तर बरं वाटलं असतं.

आता सोसायटीत कुणाच्या घरी असं काही झालं की लोक माझ्याकडे पाठवतात. गेल्या महिन्यात तिसऱ्या मजल्यावरची एक बाई आली होती, बिहारची, पस्तिशीची असेल. नवरा सरकारी खात्यात, स्कूटरच्या अपघातात डोक्याला मार लागलेला. बोर्डाची तारीख आली होती. मी तिला सगळं लिहून दिलं. कुठला कागद, किती प्रती, कुठल्या खिडकीवर लवकर नंबर लागतो. ती उठली तेव्हा मी म्हटलं, "और एक बात. उनको पहले बता देना. बोर्ड क्या है, वहाँ क्या पूछेंगे, तुम क्या बोलोगी. सब."

ती घाबरली. "आंटी, सुनकर बुरा नहीं मानेंगे?"

"मानेंगे," मी म्हटलं. "फिर भी बता देना."

तिनं मी लिहून दिलेल्या कागदाची घडी घातली. मग स्कॅनच्या फोटोकॉपी तीन लागतात की चार, ते पुन्हा एकदा विचारून घेतलं आणि पिशवी उचलून जिना चढायला लागली.